आडवा वारा आणि लांब लेन्स

६०० मिलिमीटरची लेन्स आणि मागे ४५ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम कॅमेरा. लेन्सचं टोक किती हललं की चित्र एका पिक्सेलने सरकतं? अशा सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ४.३५ मायक्रॉनचा असतो. ट्रायपॉडच्या हेडपासून लेन्सचं टोक ४० सेंटीमीटर पुढे धरलं, तर उत्तर येतं ३ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे तीनशेवा भाग. एवढं हलणं हाताला कळत नाही आणि व्ह्यूफाइंडरमध्येही जाणवत नाही. घरी येऊन फोटो शंभर टक्के मोठा केला की धाविक पक्ष्याच्या डोळ्यामागची काळी पट्टी पसरलेली दिसते, आणि मग दोष लेन्सच्या माथी जातो.

माळरानावर, जलाशयाच्या काठी किंवा किनाऱ्यावर हा प्रश्न कायमचा आहे. आडोसा नाही, पक्षी ५० ते १०० मीटरवर, आणि सकाळचे दहा वाजले की वारा सुरू. त्यावर भक्कम ट्रायपॉड घ्या, वजन टांगा, शटर वाढवा असे सल्ले मिळतात. ते चुकीचे नाहीत, पण दुय्यम आहेत. पहिला निर्णय आपण कुठे उभं राहायचं, हा. वारा लेन्सच्या बाजूने येतो की लेन्सच्या रेषेत, यावर निम्मं काम होतं किंवा बिघडतं.

जोर किती पडतो

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. ६०० एफ/४ सारखी लेन्स हूड (काचेपुढची ऊन अडवणारी नळी) लावल्यावर ६० सेंटीमीटरच्या आसपास लांब आणि पुढच्या टोकाला १६ सेंटीमीटर जाड होते. ताशी १८ किलोमीटरचा वारा आडवा लागला तर तिच्यावर साधारण १०० ते १२५ ग्रॅमचा जोर पडतो. वारा ३६ वर गेला की तोच जोर ४०० ते ५०० ग्रॅम, आणि ५४ च्या झोताला किलोभर.

नुसता जोर फार त्रास देत नाही. वारा एकसारखा राहिला तर लेन्स एका बाजूला किंचित ढकलली जाते आणि तशीच राहते. त्रास होतो जोर बदलत राहिल्यामुळे. ट्रायपॉड, हेड, लेन्सला हेडशी जोडणारा तिचा पाय आणि लेन्स मिळून जो सांगाडा बनतो, त्याला स्वतःचा एक कंप असतो. झोत आला की तो थरथरतो, आणि ती थरथर शमायच्या आत दुसरा झोत येतो. म्हणून हवामानाच्या अ‍ॅपवर सरासरी वाऱ्याबरोबर झोतांचा आकडाही पाहावा. सरासरी २५ आणि झोत ३० असलेला दिवस परवडला, सरासरी १५ आणि झोत ४० असलेला नको. हे आकडे जमिनीपासून १० मीटर उंचीचे असतात आणि काही ठिकाणी नॉटमध्ये दिलेले असतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. २० नॉटला २० किलोमीटर समजून निघालात तर माळावर पोचल्यावर कळेल.

अ‍ॅप नसलं तरी अंदाज बांधता येतो. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर वारा ताशी १२ ते १९. धूळ आणि कागद उडायला लागले की २० ते २८. लहान झाडं डोलू लागली की २९ ते ३८. विजेच्या तारा शिट्टी घालू लागल्या की ३९ च्या पुढे. सह्याद्रीच्या पठारांवर एक सोपी खूण आहे. चाळकेवाडी, वनकुसवडे अशा ज्या जागा पवनचक्कीवाल्यांनी मुद्दाम निवडल्या, तिथे वारा नसेल या आशेवर जाऊ नये.

रेषेत उभं राहण्याची तीन कारणं

पहिलं कारण क्षेत्रफळाचं. तीच लेन्स बाजूने पाहिली तर वाऱ्याला मिळणारी जागा साधारण ०.०९ चौरस मीटर. समोरून पाहिली तर ०.०२ चौरस मीटर, म्हणजे चौथ्या हिश्शाच्याही आत. शिवाय रेषेतला वारा लेन्सला मागे-पुढे ढकलतो, फिरवत नाही. आडवा वारा मात्र हूडला धरून फिरवतो. गिंबल हेडवर, म्हणजे लांब लेन्स तोलून सगळीकडे मोकळी फिरू देणाऱ्या हेडवर, ढिली सोडलेली लेन्स छपरावरच्या वातकुक्कुटासारखी वागते. आणि वारा पाठीवर घेतला तर आपलं शरीर आणि डोकं हाच कॅमेऱ्याचा आडोसा होतो.

दुसरं कारण पक्ष्यांचं. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतो, कारण मागून वारा आला की पिसं विस्कटतात. उडताना आणि उतरताना तो वाऱ्याच्या विरुद्धच जातो, कारण पंखांवरून हवा वाहिली की कमी वेगातही उचल मिळते. तुम्ही वारा पाठीवर घेऊन उभे असाल तर बसलेला पक्षी तुमच्याकडे पाहत असतो, उतरणारा तुमच्या दिशेने येतो आणि उडणाराही तुमच्याच दिशेने धाव घेतो. उजनीच्या जलाशयावर भिगवणला रोहित पक्षी पाण्यावर पावलं आपटत धावत सुटतात ते वाऱ्याच्या तोंडावर. बाजूला वाकडेतिकडे सरकत बसण्यापेक्षा वाऱ्याची दिशा ओळखून आधीच जागा धरलेली बरी. उलट बाजूला उभं राहिलं तर दिवसभर शेपट्यांचे फोटो मिळतात.

तिसऱ्या कारणाकडे सहसा लक्ष जात नाही. ज्वारीच्या कणसावर बसलेला काळ्या डोक्याचा भारीट घ्या. ताट वाऱ्याच्या दिशेत पुढे-मागे डोलतं. वारा आडवा असेल तर पक्षी फ्रेममध्ये डावीकडून उजवीकडे झुलतो. मधल्या स्थितीपासून दोन्हीकडे ५ सेंटीमीटर, सेकंदाला एक झोका असा धरला तर मध्यावर त्याचा वेग सेकंदाला ३१ सेंटीमीटर होतो. ३० मीटरवर ६०० मिलिमीटरने वरच्या सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ०.२२ मिलिमीटर व्यापतो. १/२५० सेकंदाच्या शटरला पक्षी १.२५ मिलिमीटर सरकला, म्हणजे जवळजवळ सहा पिक्सेल. फोटो गेला. १/१००० ला दीड पिक्सेल, चालून जातं. आता तुम्ही वाऱ्याच्या रेषेत असाल तर हाच झोका तुमच्याकडे आणि तुमच्यापासून दूर असा होतो. ३० मीटरवर एफ/६.३ ला काटेकोर मोजली तरी ३० सेंटीमीटरच्या आसपास फोकसची खोली मिळते, त्यात १० सेंटीमीटरचा झोका सहज मावतो. रेषेत उभं राहणं शक्यच नसेल तर झोक्याच्या टोकाला शटर दाबा. तिथे ताट क्षणभर थांबतं आणि परत फिरतं.

लगेच एक गोष्ट सांगायला हवी. वारा छायाचित्रकाराचा वैरी आहे हे सरसकट खरं नाही. ताशी ४० किलोमीटरने उडणारा पक्षी ताशी ३० च्या वाऱ्यात विरुद्ध दिशेने निघाला की जमिनीच्या हिशेबात तो ताशी १० ने सरकतो, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त. तोच पक्षी वाऱ्याबरोबर वळला की ७०. केस्ट्रेल आणि कापशी घार एका जागी फडफडत तरंगतात, तोंड वाऱ्याकडे आणि डोकं आश्चर्य वाटावं इतकं स्थिर. सापमार गरुड चांगल्या वाऱ्यात पंख जवळजवळ न हलवता लटकून राहतो. भोवत्या गवतावरून संथ फिरत येतो. बिनवाऱ्याच्या दिवशी या पक्ष्यांचे असे फोटो मिळत नाहीत. फक्त वाऱ्याविरुद्ध येणाऱ्या पक्ष्यावरच फ्रेम खर्च करा, वाऱ्याबरोबर जाणारा सोडून द्या.

ऊन कुठून, वारा कुठून

वारा पाठीशी हवा तसं ऊनही पाठीशी हवं. दोन्ही एका बाजूला येतात की नाही हे मोसम आणि वेळ ठरवतात. दख्खनवर डिसेंबर-जानेवारीत पहाटे वारा पडलेला असतो, आणि जो असतो तो बहुतेक पूर्व किंवा ईशान्येकडून. सूर्यही पूर्वेला. म्हणजे सकाळी पूर्वेकडे पाठ, दोन्ही कामं झाली. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून जोर धरतो, संध्याकाळी सूर्य तिकडेच. पुन्हा जमलं. फसवतो तो मेमधला सकाळचा वारा: सूर्य पूर्वेला आणि वारा पश्चिमेकडून. पूर्वेकडे पाठ केली तर पक्षी पाठमोरा, पश्चिमेकडे केली तर प्रकाश डोळ्यांवर. अशा सकाळी उजेडाची बाजू सोडू नये आणि बसलेल्या पक्ष्याच्या मान वळवण्याची वाट पाहावी. उडतानाचे फोटो संध्याकाळसाठी ठेवावेत. पावसाळ्यात वारा दिवसभर नैर्ऋत्य-पश्चिमेचा, पण सूर्य ढगाआड, त्यामुळे फक्त वाऱ्याचाच विचार करायचा.

कोकण किनारा या बाबतीत फार सोयीचा. सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि सूर्यही जमिनीच्या बाजूने वर येतो. सुरूच्या बाजूला पाठ करून समुद्राकडे पाहा, पाण्याच्या कडेला बसलेले कुरव, सुरय आणि चिखल्या तुमच्याकडे तोंड करून असतील. दुपारनंतर खारे वारे सुरू होतात, सूर्यही पश्चिमेला कललेला. मग बाजू बदलायची, समुद्राकडे पाठ करायची. हे ओहोटीतच जमतं. भरतीचं वेळापत्रक आधी पाहा, कारण पाठीमागून येणारं पाणी ६०० मिलिमीटरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत नाही.

सह्याद्रीच्या कड्यांवर वाऱ्याचं गणित वेगळं होतं. पश्चिमेकडून आलेला वारा कड्याला आपटून वर उसळतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर खाली टाकलेली हलकी वस्तू परत वर येते, ते याच वाऱ्यामुळे. शिकारी पक्षी या उचलीवर कड्याला समांतर फिरतात, अगदी डोळ्यांच्या पातळीवर. पण काठावर उभं राहून लांब लेन्स वापरणं धोक्याचंही आहे आणि फोटोच्या दृष्टीनेही वाईट, कारण तिथे झोत सगळ्यात बेभरवशाचे. काठापासून बरंच मागे सरकून, बसून काम करावं. काठावर उसळलेला वारा मागे बरेचदा डोक्यावरून जातो.

प्राण्यांना मात्र उलटा नियम

काळवीट, चिंकारा, लांडगा, कोल्हा यांच्यासाठी वारा पाठीवर घेणं म्हणजे आपण आल्याची दवंडी पिटणं. रेहेकुरी किंवा सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात गाडीतून फिरतानासुद्धा वारा प्राण्याकडून आपल्याकडे यायला हवा. मूठभर सुकं गवत चिमटीतून सोडलं की दिशा कळते. मंद वाऱ्यात ती दर काही मिनिटांनी बदलते, म्हणून परत परत पाहावी. उतारावर पहाटे थंड हवा खाली घसरते आणि ऊन तापलं की वर चढते. सकाळी योग्य असलेली जागा दहा वाजता चुकीची होते ती यामुळे.

लेन्सच्या दृष्टीने तोंडावरचा वारासुद्धा रेषेतलाच, म्हणजे जोर कमीच. फक्त शरीराचा आडोसा मिळत नाही आणि पुढच्या काचेवर धूळ बसते, तेव्हा हूड लावलेला ठेवा. दुसरी गोष्ट, जोरदार वाऱ्यात हरणं बिथरलेली असतात. गवताच्या सळसळीत त्यांना चाहूल लागत नाही, म्हणून ती नजरेवर जास्त विसंबतात आणि एरवीपेक्षा लांबूनच पळतात. अशा दिवशी नेहमीच्या अंतरावर जाण्याचा हट्ट सोडा.

खाली बसा

जमिनीलगत वारा कमी असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, किती कमी हे सहसा कोणी मोजत नाही. आखूड गवताच्या माळावर दीड मीटर उंचीवर जो वारा असतो त्याच्या साधारण सत्तर टक्के अर्ध्या मीटरवर असतो. जोर वर्गाने बदलतो, म्हणजे तो निम्म्यावर आला. पालथं पडून लेन्स ३० सेंटीमीटरवर आणली तर जोर तिसऱ्या हिश्शाच्या जवळ. उभ्याने कितीही महागडा ट्रायपॉड लावला तरी हा फायदा मिळत नाही. शिवाय चंडोल, धाविक यांचे फोटो त्यांच्या नजरेच्या पातळीवरूनच चांगले येतात. एकच तोटा: दुपारी तापलेल्या जमिनीलगत हवा सर्वात जास्त लवथवते. त्याबद्दल पुढे.

आडोसा शोधताना भिंतीपेक्षा झुडूप बरं. सलग भिंतीच्या मागे वारा भोवरे घालतो आणि त्या भोवऱ्यांनी लेन्स जास्त हलते. करवंदाची जाळी, घायपाताचं कुंपण, बाभळीची रांग वारा गाळून मंद करतात. झुडपाच्या उंचीच्या दोन ते पाच पट अंतरावर बसलं तर चांगलं संरक्षण मिळतं. कापडी लपण वापरत असाल तर त्याचे सगळे ताण-दोर ठोका. फडफडणारी एक झालर पक्ष्यांना तुमच्यापेक्षा जास्त घाबरवते. वाऱ्याच्या दिवशी तंबूसारख्या लपणापेक्षा अंगावर घ्यायची जाळी केव्हाही चांगली.

ट्रायपॉड, गाडी, होडी

ट्रायपॉडचा एक पाय वारा ज्या दिशेने जातो त्या दिशेला ठेवा. ट्रायपॉड उलटतो तो दोन पायांना जोडणाऱ्या रेषेवरून. मधल्या बिंदूपासून त्या रेषेचं अंतर पायापर्यंतच्या अंतराच्या निम्मं असतं. पाय वाऱ्याच्या खालच्या बाजूला असला की पूर्ण अंतर आधाराला मिळतं. मधला दांडा वर काढू नका, असा दांडा नसलेला ट्रायपॉडच उत्तम. पायांचे वरचे जाड भाग आधी उघडा, खालचे बारीक भाग शक्यतो बंदच राहू द्या.

वजन म्हणून बॅग टांगतात, तिथे हमखास चूक होते. अधांतरी लोंबणारी बॅग वाऱ्यात झुलते आणि स्वतःच धक्के देते. बॅग अर्धी जमिनीला टेकलेली हवी, किंवा रबरी दोराने पायाला करकचून बांधलेली. कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा किंवा गुंडाळून बांधा. वाऱ्यात फडफडणारा पट्टा सतत बारीक थरथर देतो, आणि ती नेमकी शटरच्या वेळेत येते. लेन्सवरचं सैल छद्मकापड काढा. घट्ट बसणारं निओप्रीनचं आवरण चालतं. हूडचा प्रश्न जरा वादाचा आहे. ऊन पाठीशी असेल, पाऊस आणि उडती धूळ नसेल, तर आडव्या वाऱ्यात मी हूड काढण्याच्या बाजूने आहे. पुढच्या टोकाचं क्षेत्रफळच सर्वात जास्त फिरवतं, आणि हूड नेमकं तिथे असतं.

लेन्स हाताखाली ठेवा. डावा हात लेन्सवर, तिच्या पायाच्या बरोबर वर, हलक्या दाबाने. चेहरा व्ह्यूफाइंडरभोवतीच्या रबरी आयकपला टेकलेला. शरीर मऊ असतं, ते थरथर शोषून घेतं. शांत हवेत रिमोटने फोटो काढणं ठीक, वाऱ्यात नाही: हात काढला की लेन्स एकटी पडते आणि वाजत राहते. गिंबलच्या दोन्ही खिट्ट्या नेहमीपेक्षा आवळा, पण पूर्ण घट्ट नको. थोडं घर्षण राहिलं की झोताचा धक्का तिथे खपतो. थरथर कुठून येते हे शोधायचं असेल तर लेन्सला टिचकी मारून लाइव्ह व्ह्यूमध्ये पूर्ण मोठं करून पाहा. बरेचदा दोषी ट्रायपॉड नसतो. लेन्सच्या पायाचा सैल स्क्रू किंवा पाय ज्या कड्याला असतो ती कॉलर निघते. ज्या झूम लेन्सची नळी ६०० ला बाहेर येते, तिथे त्या सांध्यातही खेळ असतो. आतल्या आत झूम होणाऱ्या लेन्सना वाऱ्यात हा फायदा आहे. एका पायाचा मोनोपॉड वाऱ्यात जवळपास निरुपयोगी, बसून गुडघ्यावर कोपर टेकणं त्यापेक्षा स्थिर. आणि ट्रायपॉडवर कॅमेरा सोडून पाच पावलंही जाऊ नये.

गाडी ही माळरानावरची सर्वोत्तम जागा. वारा गाडीच्या एका बाजूला लागेल अशी ती उभी करा आणि विरुद्ध बाजूच्या खिडकीतून फोटो काढा. पक्ष्यांसाठी हे वारा पाठीवर घेण्यासारखंच झालं. वाऱ्याच्या बाजूची काच पूर्ण वर ठेवा, नाहीतर गाडीतून बोगद्यासारखा वारा वाहतो. इंजिन बंद हवंच. गाडी स्प्रिंगवर उभी असते, त्यामुळे मागच्या सीटवर कोणी पाण्याची बाटली शोधायला वळलं तरी ६०० मिलिमीटरला भूकंप होतो. सगळ्यांना आधी सांगून ठेवा. खिडकीवर लेन्स टेकवायच्या पिशवीत, म्हणजे बीनबॅगमध्ये, तांदूळ किंवा मूग दोन-तीन किलो, पिशवी तीन चतुर्थांश भरलेली. ठासून भरली तर लेन्स तिच्यावरून घरंगळते, फार सैल असली तर लेन्स थेट दारावर टेकते. पावसात धान्य भिजून कुबट होतं, मोड येतात. तेव्हा प्लास्टिकचे दाणे बरे, फक्त ते हलके असतात.

होडीत ट्रायपॉड नको. डिकसळ किंवा कुंभारगावच्या बाजूने उजनीच्या पाण्यात निघालात तर ट्रायपॉड होडीचं प्रत्येक डोलणं लेन्सपर्यंत पोचवतो, शरीर ते खाऊन टाकतं. मधल्या फळीवर खाली बसा, लेन्स हातात धरा. होडीवाल्याला तोंड वाऱ्याकडे ठेवायला सांगा. आडव्या लाटेवर होडी कुशीवर डोलते आणि क्षितिज दर फ्रेमला तिरकं होतं. तोंड वाऱ्याकडे असेल तर ती फक्त वर-खाली होते, ते सांभाळता येतं. वारा वाढायच्या आत, सकाळी नऊपर्यंत पाण्यावरचं काम उरकलेलं बरं.

शटर आणि फोकस

स्थिर बसलेल्या पक्ष्याला शांत हवेत ट्रायपॉडवरून १/२०० सुद्धा पुरतं. ताशी २० च्या वर वारा असेल तर १/१००० च्या खाली उतरू नका, आडवा वारा असेल तर १/१६००. उडत्या पक्ष्यांना १/२००० ते १/३२००. लख्ख उन्हात एफ/६.३ आणि आयएसओ ४०० ला १/२५०० मिळतं, कोवळ्या उन्हात १/२००० साठी आयएसओ ८०० ते १०००, ढगाळ हवेत ३२०० आणि पुढे. दाणेदार फोटो नंतर साफ करता येतो, हललेला नाही. लेन्सची लांबी वाढवणारा टेलिकन्व्हर्टर अशा दिवशी बॅगेतच राहू द्या. १.४ चा लावला तर ८४० मिलिमीटरला १/१००० मिळतं, काढला तर ६०० ला १/२०००. दुसरा फोटो कापून मोठा केला तरी बहुतेक वेळा तोच चांगला निघतो.

लेन्समधलं थरथर सावरणारं स्थिरीकरण चालू ठेवा. ट्रायपॉडवर ते बंद करण्याचा जुना नियम शांत हवेसाठी आणि जुन्या लेन्ससाठी होता. वाऱ्यात ट्रायपॉड स्थिर नसतोच. कॅननवर बसलेल्या पक्ष्याला मोड १, एका दिशेने उडणाऱ्याला मोड २, वेडावाकडा उडणाऱ्याला मोड ३. निकॉनवर उडत्या पक्ष्यांसाठी स्पोर्ट. सेन्सर सावकाश वाचणाऱ्या कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर टाळा, झोत लागला की पक्षी तिरका होऊन येतो.

फोकस बिघडतो तो पुढच्या गवतामुळे. कुसळी गवताचं एक पातं लेन्ससमोर डोललं की फोकस त्यावर उडी मारतो आणि परत यायला दोन सेकंद घेतो, तेवढ्यात पक्षी गेलेला असतो. लेन्सवरचा फोकस लिमिटर दूरच्या पट्ट्यावर ठेवा. फोकसचा एकच छोटा बिंदू वापरा आणि ट्रॅकिंगची संवेदनशीलता मंद बाजूला न्या, म्हणजे आडवं आलेलं गवत कॅमेरा सोडून देईल. फोकसचं बटण अंगठ्याकडे घेतलं असेल तर बसलेल्या पक्ष्यावर फोकस झाल्यावर अंगठा उचलून ठेवता येतो.

झोत येतात तसे विरामही येतात. पुढे ३०-४० मीटरवरचं गवत पाहत राहा: ते उभं राहिलं की वारा पडतोय. तेव्हा आठ-दहा फ्रेमचा एक तुकडा घ्या. झोतात पन्नास फ्रेम घेण्यापेक्षा हे बरं.

धूसर फोटो: दोष कोणाचा

लांबचे फोटो धूसर येण्याची तीन कारणं असतात आणि त्यांचे उपाय एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून आधी निदान करा. पक्ष्याजवळचा दगड किंवा ढेकूळ पाहा. दगडही आणि पक्षीही एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसत असतील तर लेन्स हलली. दगड स्वच्छ आणि पक्षी पुसट असेल तर पक्षी हलला, शटर वाढवा. दगडाच्या एका कडेला लहरी, दुसरीकडे मऊपणा, आणि पुढच्या फ्रेममध्ये नेमकं उलटं, असं असेल तर ती तापलेली हवा. तिला ट्रायपॉड, शटर, स्थिरीकरण काहीच उपयोगी नाही. वारा गरम हवा थोडी मिसळून टाकतो, पण लवथव संपवत नाही. १०० मीटरवर ६०० मिलिमीटरची फ्रेम ६ मीटर रुंद असते, पाऊण मीटर पंखविस्ताराचा केस्ट्रेल तिचा आठवा भाग व्यापतो. एवढ्या अंतरावर मार्चमध्ये सकाळी साडेनऊनंतर तपशील मागूच नये. जवळचा पक्षी शोधा, किंवा पाण्यावरून दिसणारा, कारण तापलेल्या जमिनीपेक्षा पाण्यावरची हवा कमी लवथवते.

धूळ आणि मीठ

उघड्यावर लेन्स बदलायची वेळ आणू नका. आलीच तर गाडीत काचा वर करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदला. काचेवर धूळ बसली तर आधी हवेचा फुगा, मग मऊ ब्रश, आणि अगदी शेवटी कापड. धुळीवर थेट कापड फिरवलं तर लेपावर ओरखडे उठतात. किनाऱ्यावर उडणारे तुषार वाळले की मिठाचे कण मागे राहतात. कोरड्या कापडाने ते घासू नका. कापड गोड्या पाण्यात किंचित ओलं करून आधी मीठ विरघळवा, मग कोरडं करा. ट्रायपॉडच्या पिळाच्या कुलपांत वाळू गेली तर फिरवताना करकर आवाज येतो. तो आला की जोर लावू नका. पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याखाली धुवा, सांधे सोडवा, पुसा आणि सावलीत वाळवूनच परत जोडा. ग्रीस लावायचं असेल तर उत्पादकाने सांगितलेलंच, आणि अगदी थोडं, कारण जास्तीचं ग्रीस पुढच्या वेळी जास्त वाळू धरतं.